आपल्या लीगची आपली यादी : फँटसी बास्केटबॉलसाठी खेळाडूंची क्रमवारी कशी तयार करावी

इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये लहानपणी संध्याकाळी खेळलेल्या आम्हा दहा जणांची एक फँटसी लीग आहे, म्हणजे एनबीए या अमेरिकी लीगमधील खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपला कागदी संघ निवडायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतील आकड्यांवर आमची आपसांत स्पर्धा. कोणी लोकमान्यनगरात राहतो, कोणी राजेंद्रनगरात, दोघे नोकरीनिमित्त पुण्याला गेले आहेत, आणि एक जण आमच्यापैकी एकाचे सख्खे काका असल्यामुळे ते आम्हा सर्वांचेच काका झाले आहेत. लीगमध्ये पैसे लावले जात नाहीत; २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्याच्या आधीही आम्ही ते कधी लावले नव्हते. जो शेवटचा येतो त्याने छप्पन दुकानवर सर्वांना पोहे-जिलबी खाऊ घालायची, एवढाच दंड आहे.

पहिल्या वर्षी तो दंड मी भरला. इंटरनेटवर मिळालेली दीडशे खेळाडूंची तयार यादी मी छापून घेतली होती आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडताना, वरून खाली तिच्यावर रेघा मारत गेलो. ती यादी चांगलीच होती, पण ती गुणांची बेरीज करणाऱ्या लीगसाठी केलेली होती आणि आमची लीग नऊ कॅटेगरींची आहे, हे माझ्या लक्षात डिसेंबरमध्ये आले. तेव्हापासून मी यादी स्वतः करतो, आणि त्या कामाला लागायचे म्हणजे खेळाडूंची नावे नव्हे, तर लीगचे नियम आधी समोर घ्यायचे, हे शिकलो आहे. कोणता खेळाडू श्रेष्ठ, हा प्रश्न चहाच्या टपरीवर ठीक आहे. यादीसाठी प्रश्न वेगळा असतो, तो म्हणजे आपल्या नियमांत, आपल्या संघसंख्येत हा खेळाडू आपल्याला किती देतो.

नियमांचा कागद

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : संघ किती, प्रत्येक संघात खेळाडू किती, त्यांपैकी सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंच्या) जागा किती, जखमी खेळाडूसाठी वेगळी जागा आहे की नाही, गुण कसे मोजले जातात, आणि लढत दर आठवड्याला आमनेसामने होते की संपूर्ण हंगामाची बेरीज धरली जाते. आमच्याकडे १० संघ आणि प्रत्येकी १३ खेळाडू आहेत, म्हणजे एकूण १३० खेळाडू निवडले जातात. हा १३० चा आकडा पुढे फार कामाला येणार आहे.

गुण मोजण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत प्रत्येक कृतीला ठरावीक गुण असतात. एका प्रचलित कोष्टकात मैदानावरील प्रत्येक गुणाला १, रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडणे) १.२, असिस्टला (बास्केट करून देणारा पास) १.५, स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉकला (प्रतिस्पर्ध्याचा नेम अडवणे) प्रत्येकी ३, आणि टर्नओव्हरला (चेंडू गमावणे) उणे १ असे गुण मिळतात. २०२४-२५ च्या हंगामात निकोला योकिचची सामन्यामागे सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट अशी होती, म्हणजे या तीन रकान्यांतूनच त्याचे दर सामन्याला ६० गुण होतात. अशा लीगमध्ये क्रमवारी लावणे सोपे असते : अपेक्षित आकडे लिहावेत, गुणाकार करावा, बेरीज करावी आणि तळाची किंमत वजा करावी, हा तळ म्हणजे काय ते पुढे येईल.

दुसरी रीत कॅटेगरींची. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट), फील्ड गोलची (चालू खेळातील नेमांची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकींची) टक्केवारी आणि टर्नओव्हर अशा नऊ ठिकाणी दोन संघांची तुलना होते आणि प्रत्येक कॅटेगरी जिंकल्याचा एक गुण मिळतो. या लेखातील बहुतेक विवेचन याच रीतीला धरून आहे, कारण गोंधळ इथेच होतो.

अपेक्षित आकडे

यादी मागच्या हंगामाची नसते, येणाऱ्या हंगामाची असते. तरी सुरुवात मागच्या आकड्यांपासूनच करावी लागते. मी प्रत्येक खेळाडूचे गेल्या तीन हंगामांचे आकडे ३६ मिनिटांच्या मापात घेतो आणि त्यांना ५, ३ आणि २ असे वजन देतो. समजा, एखाद्याची स्टील ३६ मिनिटांमागे शेवटच्या हंगामात १.२, त्याआधी १.६ आणि त्याआधी १.४ होती, तर अपेक्षित आकडा १.३६ येतो. तो खेळाडू या वर्षी ३० मिनिटे खेळेल असे वाटत असेल, तर सामन्यामागे १.१३ स्टील धरावी. एखाद्या वर्षी अचानक उंचावलेला आकडा या पद्धतीने आपोआप थोडा खाली येतो, आणि ते हवेच असते.

दर मिनिटाचा दर सहसा फारसा हलत नाही. हलतात ती मिनिटे. त्यामुळे खरी मेहनत मिनिटांच्या अंदाजावर करावी. त्यासाठी एक साधी ताळेबंदाची युक्ती आहे. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका संघाचे ५ खेळाडू असतात, म्हणजे संघाजवळ वाटायला एकूण २४० मिनिटे असतात. प्रत्येक संघाचे खेळाडू एकत्र मांडून त्यांना आपण दिलेल्या मिनिटांची बेरीज करावी. ती २६५ येत असेल तर आपण कुणाचे तरी फाजील कौतुक केले आहे, आणि बहुधा ते राखीव फळीतील एखाद्या तरुण खेळाडूचे असते, ज्याचे दोन सामने आपण पहाटे उठून पाहिलेले असतात. मी हे काम एनबीएच्या ३० संघांसाठी दोन रविवारांत पुरे करतो. कंटाळवाणे आहे, पण तयार यादी आणि आपली यादी यांत फरक पडतो तो मुख्यतः इथे.

संघबदलांची नोंद स्वतंत्र ठेवावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉनचिच डॅलसहून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि अँथनी डेव्हिस लेकर्सकडून डॅलसला आला, तेव्हा दोन्ही संघांत चेंडू कुणाच्या हातात किती वेळ राहणार, हे एका दिवसात बदलले. अशा वेळी त्या दोघांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या सहा-सात खेळाडूंचे अंदाज अधिक चुकतात, आणि ड्राफ्टच्या मधल्या फेऱ्यांतला फायदा तिथेच असतो.

नव्याने एनबीएमध्ये येणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत मी कंजूष आहे. व्हिक्टर वेम्बान्यामाने २०२३-२४ या पहिल्याच हंगामात सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक नोंदवले, हे खरे. पण तो अपवाद होता, आणि त्याच्याकडे पाहून पुढच्या प्रत्येक नवख्याला वर चढवणाऱ्यांनी आमच्या लीगमध्ये बऱ्याचदा पोहे खाऊ घातले आहेत.

नऊ मापे एका मापात

आता अडचण अशी की ३३ गुण आणि ३ ब्लॉक यांची बेरीज कशी करायची. शाळेतल्या गुणपत्रिकेचा दाखला घेऊ. संस्कृतमध्ये वर्गातील निम्म्या मुलांना ९० च्या वर गुण असतील आणि गणितात सरासरीच ५५ असेल, तर संस्कृतमधल्या ९२ पेक्षा गणितातले ८८ अधिक मोलाचे, हे कुणालाही पटते. आपण नकळत दोन गोष्टी पाहतो : वर्गाची सरासरी किती, आणि वर्ग त्या सरासरीभोवती किती पसरलेला आहे. पहिल्या गोष्टीला संख्याशास्त्रात मध्य म्हणतात आणि दुसरीला प्रमाण विचलन. खेळाडूच्या आकड्यातून मध्य वजा करून उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागले की जो आकडा येतो तो झेड-स्कोअर. गुगल शीट किंवा एक्सेलमध्ये सरासरीचे आणि प्रमाण विचलनाचे सूत्र तयारच असते, त्यामुळे हाताने काही करावे लागत नाही.

उदाहरणापुरते धरू की आपल्या १३० खेळाडूंमध्ये गुणांचा मध्य १६ आणि प्रमाण विचलन ६ आहे, तर ब्लॉकचा मध्य ०.७ आणि प्रमाण विचलन ०.५ आहे. २०२३-२४ मध्ये डॉनचिचची सरासरी ३३.९ गुणांची होती. त्याचा गुणांतील झेड-स्कोअर २.९८ येतो. त्याच हंगामात वेम्बान्यामाचे ३.६ ब्लॉक होते. त्याचा ब्लॉकमधील झेड-स्कोअर ५.८ येतो. गुण मिळवणारे पुष्कळ असतात, ब्लॉक करणारे थोडे, म्हणून ब्लॉकच्या रकान्यात जवळजवळ दुप्पट किंमत दिसते. डायसन डॅनियल्सने २०२४-२५ मध्ये सामन्यामागे ३ स्टील केल्या, तेव्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्याचे नाव क्वचित दिसत असे, पण फँटसीत तो पहिल्या फळीच्या आसपास पोहोचला, त्याचे कारण हेच. प्रत्येक खेळाडूचे नऊ झेड-स्कोअर काढून त्यांची बेरीज केली की कच्ची क्रमवारी तयार होते. टर्नओव्हरच्या रकान्यात मात्र चिन्ह उलटे करायला विसरू नये. आमच्याकडे एका भावाने ते विसरून चेंडू सर्वाधिक गमावणाऱ्या गार्डांना (चेंडू घेऊन खेळ रचणाऱ्यांना) यादीच्या शिरावर बसवले होते.

इथे एक वर्तुळ तयार होते. मध्य काढायला १३० खेळाडू हवेत, पण ते १३० कोणते हे क्रमवारीशिवाय कळत नाही. त्यावर उपाय असा की प्रथम मिनिटांनुसार वरचे २०० घ्यावेत, क्रमवारी काढावी, तिच्यातील पहिल्या १३० वरून मध्य आणि विचलन पुन्हा काढावे, आणि हे आणखी एकदा करावे. तिसऱ्या फेरीनंतर यादीत फारसा बदल होत नाही. एनबीएमधील सर्व पाचशेच्या आसपास खेळाडू मध्यासाठी धरणे ही मात्र मोठी चूक ठरते, कारण दहा मिनिटे खेळणाऱ्यांमुळे मध्य इतका खाली जातो की सगळेच स्टार एकसारखे प्रचंड दिसू लागतात.

टक्केवारीचे दोन रकाने

सर्वांत जास्त चुका या दोन रकान्यांत होतात, म्हणून इथे थोडे थांबतो. टक्केवारीचा झेड-स्कोअर थेट काढता येत नाही. सामन्यात एकच फ्री थ्रो टाकणाऱ्याची ९५ टक्के आणि नऊ टाकणाऱ्याची ८७ टक्के यांत तुमच्या संघाच्या आठवड्याच्या टक्केवारीला दुसराच अधिक उचलतो. म्हणून प्रत्येकाचा परिणाम काढावा लागतो : प्रयत्नांची संख्या गुणिले, त्याची टक्केवारी वजा सर्वांची मिळून टक्केवारी. ही सर्वांची टक्केवारी म्हणजे १३० जणांच्या टक्केवारींची सरासरी नव्हे. त्या सर्वांचे यशस्वी फ्री थ्रो भागिले त्यांचे एकूण प्रयत्न. सोयीसाठी ती ७८ टक्के धरू.

२०२३-२४ मध्ये स्टीफन करीची फ्री थ्रोची टक्केवारी ९२.३ होती आणि सामन्यामागे प्रयत्न ४.४, त्याचा परिणाम ४.४ गुणिले ०.१४३, म्हणजे ०.६३. शाई गिल्जस-अलेक्झांडरची टक्केवारी ८७.४, पण प्रयत्न ८.७, त्याचा परिणाम ०.८२. करीची नेमबाजी अधिक अचूक असूनही या रकान्यात शाई पुढे आहे. आमच्या काकांना हे अजून मान्य नाही.

आता यानिस अँटेटोकुन्पो. त्याच हंगामात त्याने सामन्यामागे १०.७ फ्री थ्रो टाकले आणि टक्केवारी ६५.७ होती. परिणाम उणे १.३२. याची तुलना दोनच फ्री थ्रो ६० टक्क्यांनी टाकणाऱ्या एखाद्या राखीव सेंटरशी करून पाहावी : त्याचा परिणाम उणे ०.३६. टक्केवारी यानिसची चांगली, नुकसान यानिसकडून जवळजवळ चौपट. पण फील्ड गोलच्या रकान्यात तोच यानिस ६१.१ टक्क्यांनी सुमारे १९ प्रयत्न करतो. तिथे सर्वांची टक्केवारी ४७.५ धरली तर त्याचा परिणाम अधिक २.५ च्या वर जातो, आणि असा खेळाडू क्वचित सापडतो. एकाच माणसात एका रकान्याची चांदी आणि दुसऱ्याची माती असते, म्हणून नऊ रकान्यांची सरळ बेरीज त्याच्याविषयी अर्धेच सांगते. परिणामाचे आकडे काढल्यावर त्यांचा मध्य आणि विचलन काढून मग झेड-स्कोअर लावावा. ही शेवटची पायरी गाळली तर टक्केवारीचे रकाने बाकीच्यांपुढे फिके पडतात.

फ्री थ्रोची टक्केवारी वर्षानुवर्षे स्थिर राहते, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवावा. थ्री-पॉइंटरची अचूकता मात्र एका हंगामातून दुसऱ्यात बरीच डोलते. म्हणून एखाद्याने एका वर्षी अनपेक्षित अचूकता दाखवली असेल तर त्याच्या प्रयत्नांची संख्या तशीच ठेवून टक्केवारी त्याच्या आजवरच्या सरासरीकडे ओढावी.

तळ, सामने आणि दुखापती

निवड न झालेल्या खेळाडूंपैकी उत्तम खेळाडू कुणालाही, कोणत्याही मंगळवारी फुकट मिळतो. त्यामुळे खेळाडूची किंमत शून्यापासून नव्हे, तर या फुकट मिळणाऱ्या पातळीपासून मोजायची. मी १३१ ते १५० या क्रमांकांच्या खेळाडूंच्या बेरजांची सरासरी घेतो आणि ती सर्वांच्या बेरजेतून वजा करतो. १६ संघांची लीग असेल तर तळ बराच खाली जातो आणि दररोज नेमाने ३२ मिनिटे खेळणारे मध्यम खेळाडू महाग होतात; ८ संघांच्या लीगमध्ये उलटे घडते, तिथे चांगले खेळाडू बाजारात पडून असतात आणि फक्त शिखरावरच्यांनाच भाव असतो. दुसऱ्या लीगची यादी उचलून आणू नये, याचे सर्वांत ठोस कारण हे आहे.

तळ माहीत झाला की दुखापतींचा हिशेबही सुटतो. हंगाम ८२ सामन्यांचा असतो. समजा, एका खेळाडूची तळापासूनची किंमत सामन्यामागे ८ आहे आणि तो ६० सामने खेळेल असा अंदाज आहे. दुसऱ्याची किंमत ६ आहे आणि तो ७८ सामने खेळेल. पहिल्याचे ४८०, दुसऱ्याचे ४६८, म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच, कारण पहिला बसलेला असताना त्याच्या जागी तळाचा खेळाडू खेळवता येतो. लीगमध्ये जखमींसाठी वेगळी जागा नसेल तर मात्र हे गणित बिघडते. बसलेला खेळाडू जागा अडवतो आणि तळाचाही खेळाडू मिळत नाही.

सामन्यांचा अंदाज करताना खेळाडूचा इतिहास आणि दुखापतीचे स्वरूप वेगळे पाहावे. जोएल एम्बीड २०२३-२४ मध्ये ३९ आणि २०२४-२५ मध्ये १९ सामने खेळला. गुडघ्याची तक्रार वारंवार येत असेल तर पुढच्या वर्षीही ६० धरू नयेत. वेम्बान्यामाचा २०२४-२५ चा हंगाम ४६ सामन्यांवर थांबला तो खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे. तिला गुडघ्याच्या कुरकुरीच्या रांगेत बसवणे योग्य नव्हते. टाचेची अकिलीस शीर तुटली असेल तर पुढचा बहुतेक हंगाम हातचा गेला असे धरावे; मे २०२५ मध्ये जेसन टेटम आणि जून २०२५ मध्ये टायरीस हॅलिबर्टन यांच्या बाबतीत असेच झाले. दुसऱ्या बाजूने, २०२३-२४ पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळणे आवश्यक झाले आहे, त्यामुळे पुरस्काराच्या शर्यतीत असलेले खेळाडू निव्वळ विश्रांतीसाठी पूर्वीइतके बसत नाहीत.

आमनेसामनेच्या लीगची अंतिम फेरी बहुधा मार्चच्या उत्तरार्धात येते. तेव्हा एनबीएमध्ये तळाला असलेले संघ त्यांच्या स्वतःच्या पुढच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवखे खेळाडू निवडण्याच्या क्रमाच्या, सोडतीवर डोळा ठेवून आपल्या प्रमुख खेळाडूंना बसवू लागतात. २०१९ पासून सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. नेमक्या कोणत्या आठवड्यात कोणत्या संघाचे चार सामने आणि कोणाचे दोन, हे ऑगस्टमध्ये वेळापत्रक जाहीर झाल्यावर पाहता येते. या माहितीने मी क्रमवारी बदलत नाही. दोन खेळाडू बरोबरीत असतील तेव्हाच तिचा उपयोग करतो. ऑक्टोबरमध्ये मार्चचे अति नियोजन करणाऱ्याचा संघ मार्चपर्यंत टिकलेला मी फारसा पाहिला नाही.

वजनांची ओळ

शीटमध्ये नऊ रकान्यांच्या वर एक रिकामी ओळ ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक कॅटेगरीचे वजन लिहावे. सुरुवातीला सर्वत्र १. खेळाडूची बेरीज म्हणजे झेड-स्कोअर गुणिले वजन यांची बेरीज. या एका ओळीने यादी जिवंत होते.

टर्नओव्हरला मी ०.५ देतो. आठवड्यात ज्याचे सामने कमी, तो ही कॅटेगरी काही न करता जिंकतो, त्यामुळे तिच्यासाठी चांगल्या खेळाडूवर पाणी सोडणे मला पटत नाही. ट्रे यंगचे २०२४-२५ मधील ११.६ असिस्ट ४.७ टर्नओव्हरसह येतात; पूर्ण वजन दिले तर तो बराच खाली घसरतो, अर्धे दिले तर जिथे हवा तिथे राहतो.

एखादी कॅटेगरी जाणूनबुजून सोडून द्यायची असेल, ज्याला खेळणारे पंट करणे म्हणतात, तर तिचे वजन ० करावे आणि यादी पुन्हा लावावी. फ्री थ्रोचे वजन ० केले की यानिस झटकन वर येतो, आणि त्याच्यामागोमाग फ्री थ्रोमध्ये कच्चे असलेले, पण रिबाउंड आणि ब्लॉक भरपूर देणारे रूडी गोबेअरसारखे सेंटरही वर सरकतात. अशा तीन-चार पर्यायी याद्या आधीच काढून ठेवाव्यात. मात्र पंट ड्राफ्टच्या आधी ठरवू नये. पहिल्या दोन खेळाडूंवरून तो ठरतो. पहिल्या फेरीत यानिस मिळाला तर फ्री थ्रो सोडावा; शाई मिळाला तर तो रकाना सोडणे म्हणजे हातचे फेकून देणे होईल.

याच ओळीचा दुसरा उपयोग फारसे कोणी करत नाही. वेम्बान्यामासारखा खेळाडू हाती आल्यावर ब्लॉकचे वजन पुढच्या फेऱ्यांसाठी अर्धे करावे, कारण एका आठवड्यात ब्लॉकची कॅटेगरी दोनदा जिंकता येत नाही आणि जास्तीचे ब्लॉक वाया जातात. काही जण झेड-स्कोअरला वरून मर्यादा घालतात. मला ते चुकीचे वाटते, कारण असा खेळाडू पुढच्या फेऱ्यांत गार्ड निवडण्याची जी मोकळीक देतो, तिची किंमत त्या कापाकापीत हरवते.

यादीवर रेघा

बेरजेनुसार लावलेली यादी छापावी आणि तिच्यावर पेन्सिलीने रेघा माराव्यात. लागोपाठच्या बेरजा ६.१, ५.९, ५.८ आणि मग एकदम ४.७ अशा असतील, तर ५.८ च्या खाली रेघ मारावी. दोन रेघांमधील खेळाडू एका पायरीवरचे, त्यांच्यात आपली आवड, जागेची गरज किंवा मार्चचे वेळापत्रक पाहून निवडावे. ०.१ च्या फरकासाठी भांडण्याइतके आपले अंदाज अचूक नसतात. एकाच पायरीवर सेंटर आणि गार्ड असतील, आणि पुढच्या पायरीवर गार्ड पुष्कळ पण सेंटर एकही नसेल, तर सेंटर घ्यावा. जागांच्या टंचाईला मी एवढेच महत्त्व देतो.

हाताने फेरफार करायची मुभा स्वतःला द्यावी, पण मोजकी. मी जास्तीत जास्त दहा नावे हलवतो आणि प्रत्येकापुढे कारण एका ओळीत लिहितो. कारण लिहिता आले नाही तर नाव जिथल्या तिथे ठेवतो.

यादीच्या शेजारी आणखी एक रकाना लागतो : ज्या ॲपवर ड्राफ्ट होणार त्या ॲपने दिलेला क्रम. बहुतेक जण घाईत पडद्यावर वर दिसणाऱ्या नावांतूनच निवडतात, त्यामुळे आपल्या यादीत ३० वा असलेला आणि ॲपच्या यादीत ७० वा असलेला खेळाडू तिसऱ्या फेरीत घेणे ही उधळपट्टी होय. सापासारख्या, दर फेरीला क्रम उलटणाऱ्या ड्राफ्टमध्ये दहा संघांत तुमची जागा चौथी असेल, तर तुमच्या निवडी ४, १७, २४ आणि ३७ अशा येतात. १७ आणि २४ यांच्यामध्ये फक्त सहा निवडी होतात, पण २४ आणि ३७ यांच्यामध्ये बारा. त्या बारांत पायरी संपण्याची शक्यता असेल तर २४ व्या वेळीच हात घालावा, नसेल तर थांबावे. आपल्या जागेचे हे आकडे यादीच्या समासात आधीच लिहून ठेवले की ड्राफ्टच्या वेळी बोटे मोजत बसावे लागत नाही.

आणि शेवटचा रकाना माणसांचा. आमच्या लीगमध्ये काका पहिल्या दोन फेऱ्यांतच करीला घेतात, मग त्या वर्षी त्याचा आकडा काहीही सांगो. पुण्याच्या दोघांपैकी एक जण लेकर्सचा खेळाडू दिसला की थांबत नाही. आणि लीगमधली एकमेव ताई तळाच्या पाच फेऱ्यांत फक्त तरुण खेळाडू घेते आणि बरेचदा आम्हा सर्वांना मागे टाकते. करी माझ्या यादीत कुठेही असला तरी मी त्याच्यावर विसंबून पुढचे गणित करत नाही.

ड्राफ्टची रात्र आणि त्यानंतर

एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. २०२५ मध्ये तो २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सुरू झाला. आमचा ड्राफ्ट त्याआधीच्या रविवारी रात्री असतो. त्याच दिवशी दुपारी जखमींची ताजी बातमी पाहून मिनिटांचा रकाना एकदा दुरुस्त करावा आणि पूर्ण यादी ॲपमधील ड्राफ्टपूर्व क्रमवारीत भरावी. हे काम टाळले आणि ऐन वेळी वीज किंवा इंटरनेट गेले, तर ॲप स्वतःच्या यादीनुसार तुमच्यासाठी निवड करत जाते. एका वर्षी मी परतलो तेव्हा माझ्या संघात पाच सेंटर जमले होते. भरलेली यादी असली तर निदान निवड तुमच्या क्रमाने होते. छापील प्रत तरीही हाताशी ठेवावी; घेतलेले नाव खोडणे पडद्यापेक्षा कागदावर लवकर होते, आणि चिवड्याचे हात मोबाइलला लागत नाहीत.

ड्राफ्ट संपल्यावर शीट पुसू नये. १३१ ते १५० मधली न निवडलेली नावे हीच तुमची पहिली बाजारयादी असते. पहिले दोन आठवडे अंदाजांना फक्त मिनिटांच्या बाबतीत हात लावावा : पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतात, त्यामुळे सकाळच्या पोह्यांपर्यंत कोण किती मिनिटे खेळला हे कळलेले असते, आणि २२ धरलेला खेळाडू सलग चार सामने ३१ मिनिटे खेळत असेल तर तो रकाना बदलून यादी पुन्हा लावावी. नेमबाजीच्या टक्केवारीला मात्र २० सामने होईपर्यंत हात लावू नये, आणि त्यानंतरही जुना अंदाज व नवा आकडा यांना निम्मे-निम्मे वजन द्यावे.